‘येऊन राह्यली’ म्हणजे थांबली नव्हे

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. वर्धेच्या काठावरच्या या गावातून आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. वाटेवरच्या वऱ्हाडी गावात कुणी म्हणाले, “पालखी येऊन राह्यली,” तर पुण्याच्या पाहुण्याला वाटेल, पालखी येऊन मुक्कामाला थांबली. सांगणाऱ्याला म्हणायचे असते, पालखी येते आहे, वेशीवर चला.

हे अशुद्ध मराठी आहे, हा पहिला गैरसमज. इथे ‘राहणे’ने मुक्कामाचा अर्थ सोडला आहे आणि क्रिया आत्ता चालू असल्याचे सांगण्याचे काम घेतले आहे. ‘काम करून टाकले’ म्हणताना कुणी काही फेकत नाही. ‘बोलून बसलो’ म्हणणारा उभाही असू शकतो. इंग्रजी ‘कॅरी आउट’मध्येही उचलणे नाही की बाहेर नेणे नाही, त्याचा अर्थ अमलात आणणे. तो आपण निमूटपणे पाठ करतो आणि घरच्या ‘करून राह्यलो’ला मात्र लाल शाई लावतो. हा अन्याय आहे.

‘करून राहिला’ म्हणजेच ‘करत राहिला’, असेही काहींना वाटते. तसे नाही. ‘तो बोलत राहिला’ म्हणजे थांबलाच नाही. ‘तो बोलून राह्यला’ म्हणजे या क्षणी बोलतो आहे. कालचे सांगायचे तर ‘बोलून राह्यला होता’. बाई बोलत असेल तर ‘राह्यली’, मी स्वतः असेन तर ‘राह्यलो’. नियम पक्के आहेत.

ही नुसती हिंदीची नक्कल, हा आरोप अर्धवट आहे. 1903 पासून 1956 पर्यंत वऱ्हाडाचा कारभार हिंदी मुलखाशी जोडलेला होता, शेजारही हिंदीचा. ‘कर रहा है’शी असलेले साम्य उघड आहे. पण हिंदी नुसत्या ‘कर’ला ‘रहा’ जोडते. वऱ्हाडी ‘करून’ घेते. हा ‘ऊन’ मराठीचा आणि ‘राह्यलो’मधला ‘लो’ही मराठीचाच.

अडाण्यांची बोली, हे तर बोलूच नये. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात, 1905 साली, वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद झाली आहे.

परीक्षेत प्रमाण रूप लिहायला जरूर शिकवा. पण गुरुजी, “मी अभ्यास करून राह्यलो” म्हणणाऱ्या पोराला चूक म्हणू नका. तो त्याच्या बोलीचे व्याकरण बिनचूक पाळतो आहे.