बफिंगचा पॅड कसा निवडावा

कार्यक्रमपत्रिका पाहून दोघातिघांनी मला फोन केला, "सर, विषय बरोबर छापलाय ना?" बरोबर छापलाय. मी आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. म्हणजे, आपल्याला जे कळलं असं वाटतं ते खरं कशावरून, हा प्रश्न. निवृत्तीनंतर हाताला काही काम हवं म्हणून गाडीचं पॉलिश शिकलो, तर तिथेही हाच प्रश्न पुढ्यात येऊन बसला. आज मात्र तत्त्वज्ञान कमी आणि पॅड जास्त, असं ठरवून आलोय. बघू कितपत जमतं.

मशीनने बफिंग करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात मशीन कुठलं घेऊ, मग विचारतात पॉलिश कुठलं घेऊ. पॅड मात्र मशीनच्या डब्यात जो आला असेल तोच लावतात. पण गाडीच्या रंगाला प्रत्यक्ष टेकतो तो पॅड. मशीन त्याला फिरवतं, पॉलिश त्याच्यावर बसतं. कडक पॅड आणि मऊ पॅड यांवर एकच पॉलिश लावलं तर दोन वेगळी कामं होतात, हे एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता आपण घासतो काय, ते बघा. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर चढतो. त्यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवतात. त्यावर प्राइमर, त्यावर रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाइतकाही (माझ्याकडे उदाहरणापुरते शिल्लक आहेत) हा थर जाड नाही. चमक याच थरातून येते आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी रसायनं मुख्यतः याच थरात असतात. कडक पॅड आणि जाड कंपाउंड घेऊन एक फेरी मारली की त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात. ते परत येत नाहीत. पुन्हा रंगवता येतं, नाही असं नाही; पण कारखान्यात हा थर 140 अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो. गॅरेजमध्ये प्लॅस्टिक, वायरी, काचा बसवलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे मूळ थर एकदाच मिळतो, असं समजून चाला.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने लग्नकार्याआधी आपली काळी गाडी एका ठिकाणी 'रबिंग-पॉलिश'ला दिली. परत आली तेव्हा आरशासारखी होती. दोन-तीन धुण्यांनंतर उन्हात उभी केली, तर बॉनेटवर रेशमी साडीवर दिसतात तसे सरकते पट्टे. आणि बॉनेटच्या कडेला चार बोटं लांबीची पांढुरकी रेघ, म्हणजे तिथे प्राइमर उघडा पडलेला. ज्या मुलाने ते काम केलं त्याच्या पगारातून पैसे कापले गेले, असं नंतर कळलं. त्या मुलाच्या हातात एकच लोकरीचा पॅड होता, सकाळपासून तिसरी गाडी होती आणि तासाभरात संपव असा हुकूम होता. याला मी त्या मुलाची चूक म्हणणार नाही. पॅड निवडायची मुभाच त्याला नव्हती.

ते पट्टे आले कुठून, हे कळायला पॉलिश म्हणजे काय ते कळलं पाहिजे. न्यूटनने 1704 साली छापलेल्या 'ऑप्टिक्स'मध्ये हे फार स्वच्छ मांडलंय. काचेला पॉलिश करणं म्हणजे तिला ओरखडेच पाडणं, फक्त इतके बारीक की डोळ्याला दिसू नयेत, असा त्याचा आशय. तो नुसता लिहून थांबला नाही, आपल्या दुर्बिणीचा आरसा त्याने डांबरासारख्या मऊ राळेवर स्वतः घासून काढला होता. राळच का? घासणारा कण कठीण पाठीवर बसला तर पूर्ण टोचतो. मऊ पाठीवर बसला तर अर्धा आत रुततो आणि हलकेच चाटून जातो. पॅडचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं म्हणा ना.

तर ओरखडा 'भरून' निघत नाही. त्याच्या आजूबाजूची पातळी खाली आणून त्याला संपवतात. म्हणून नख फिरवल्यावर अडकतं असा खोल ओरखडा पॅडने काढायला जाऊ नका. तेवढं खाली उतरणं परवडणारं नाही.

आपल्याकडे सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे येतात. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीच्या रंगावर घासली जाते, आणि वर्षभरात उन्हात कोळ्याचं जाळं दिसायला लागतं. इथे एक गंमत सांगतो. ते जाळं गोल गोल दिसतं, म्हणून लोक म्हणतात, फडकं गोल फिरवल्याने झालं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात; त्यातले दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेलेच तेवढे चकाकतात. तुम्ही दोन पावलं सरका, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकतं! ओरखडे गाडीवर आहेत, वर्तुळ गाडीवर नाही. यावर मी एक तास बोलू शकतो, पण संयोजक घड्याळाकडे बघतायत.

पॅडचे मुख्य प्रकार तीन. लोकर, मायक्रोफायबर आणि फोम. लोकरीच्या पॅडचा एकेक तंतू कण धरून रंगावर फिरतो, त्यामुळे तो सगळ्यात जोरात कापतो. तंतूंमधून हवा खेळत असल्याने तुलनेने कमी तापतो. पण तो मागे धूसरपणा ठेवून जातो, आणि त्यानंतर फोमच्या पॅडने दुसरी फेरी मारावीच लागते. त्या काळ्या गाडीवर ती दुसरी फेरी झालीच नव्हती. पॉलिशमधल्या तेलाने पट्टे तेवढ्यापुरते झाकले, तेल धुतलं गेलं आणि पट्टे वर आले. मायक्रोफायबरचा पॅड लोकर आणि फोम यांच्या मधला. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर चांगला कापतो, मात्र घासून निघालेला रंग त्याच्या तंतूंत लवकर अडकतो, म्हणून दर पॅनेलनंतर ब्रश मारून साफ करावा लागतो.

घरी काम करणाऱ्याने मुख्यतः फोमवर भिस्त ठेवावी, असं माझं मत आहे. फोममध्ये कडक, मध्यम, मऊ अशा पायऱ्या मिळतात. कडक फोम ओरखडे काढायला, मध्यम पॉलिशला, मऊ शेवटच्या झळाळीला. आणि इथेच मोठा घोटाळा आहे, तो रंगांचा. दुकानदार सांगतो, "पिवळा घ्या." कुठल्या कंपनीचा पिवळा? लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोम पॅडमध्ये पिवळा म्हणजे कडक, जोरात कापणारा. रुपेसकडे जोरात कापायला निळा, आणि पिवळा बारीक कामाचा. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य आहे असं आपले मीमांसक म्हणायचे. नैयायिक म्हणायचे, नाही, तो केवळ संकेत आहे. पॅडच्या दुकानात मी पुरता नैयायिक आहे. रंग विसरा. वेष्टनावर काम काय लिहिलंय ते वाचा आणि दोन बोटांत फोम दाबून बघा. सहज दबला तर मऊ, विरोध केला तर कडक.

पॅडच्या मापाचंही थोडं. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा हवा. पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड असला की प्लेटची कडा रंगाला लागत नाही. जाड फोम मशीनची हालचाल स्वतःच पिऊन टाकतो, पातळ पॅड ती रंगापर्यंत पोचवतो. म्हणून ड्युअल अ‍ॅक्शनवर पातळच बरा. बंपरच्या खाचा, आरशांच्या पाठी, दारांच्या मधले खांब यांसाठी तीन इंची वेगळा ठेवा.

आता ड्युअल अ‍ॅक्शन की रोटरी, हा प्रश्न येणारच. रोटरी एकाच आसावर गरगर फिरतं. जलद कापतं आणि जलद तापतं. ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड फिरता फिरता घिरट्याही घेतो, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. नवशिक्याने हेच घ्यावं. प्लेटच्या कडेला मार्करने एक काळी रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. जास्त दाबलंत की मशीन नुसतं थरथरतं, पॅड फिरायचा थांबतो, आणि आपण मात्र घाम गाळत असतो.

पण तुमच्या गाडीला कुठला पॅड, हे मी इथून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. काही रंग कठीण असतात, काही मऊ. एकाच गाडीवर कारखान्यातलं दार आणि अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेलं दार यांना वेगवेगळे पॅड लागू शकतात. त्यासाठी गाडी धुवा, बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखा, आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा. म्हणजे मऊ किंवा मध्यम फोम आणि बारीक पॉलिश. नव्या पॅडवर आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे चोळून घ्या, मग वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. चार फेऱ्या आडव्या-उभ्या मारा. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसा. ही पायरी गाळू नका. तेलाचा पडदा असताना दिसणारी चमक हा पुरावा नव्हे. पुसल्यावर टॉर्च धरून बघा.

जाळं गेलं? मग संपलं, तोच पॅड अख्ख्या गाडीला. नाही गेलं? तर एकच गोष्ट बदला. मी पॅड बदलतो, पॉलिश तेच ठेवतो. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात तो हाच. कडक फोमने काम झालं पण धूसरपणा आला, तर त्याच जागी मऊ फोमची फेरी. लोकरीपर्यंत जायची पाळी घरच्या गाडीवर क्वचितच येते. आणि अर्धं जाळं गेलं, अर्धं राहिलं, तर माझा सल्ला आहे की थांबा. गाडी आणखी दहा वर्षं वापरायची असेल, तर थोडे ओरखडे राहू द्यावेत आणि थर वाचवावा. जाडी मोजायचं मीटर मिळतं; जुन्या किंवा सेकंडहँड गाडीवर कडक पॅड लावण्याआधी ते कुणाकडून तरी लावून घ्या. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

कडा आणि बॉडीवरच्या धारदार रेषा यांना टेप लावा. ओला रंग कडेपासून मागे सरकतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ. त्यात पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, तिथे मऊ पॅड आणि कमी वेग. नाकाला मास्क हवा. स्पिनोझा हा माझा आवडता तत्त्वज्ञ भिंगं घासून पोट भरायचा. 1677 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने गेला, आणि काचेच्या धुळीने तो बळावला असावा असं मानणारे बरेच आहेत.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. पॅडला गाडीचा रंग लागतोय, घाबरायचं का? जुनी अम्बॅसिडर किंवा पद्मिनी असेल तर नाही. त्यांच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसायचा, पॅड रंगणारच. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर मात्र पॅडवरचा गाळ पांढुरका हवा. तो गाडीच्या रंगाचा दिसला तर हात तिथेच थांबवा, थर संपलेला आहे.

आणि पॅड किती घ्यावेत, असंही विचारलंय. एका प्रकारचे चार-पाच तरी घ्या. दर पॅनेलनंतर ब्रश मारा, दोन-तीन पॅनेलनंतर पॅड बदला. भिजून जड झालेला फोम ढिला पडतो आणि कापेनासा होतो. काम संपल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, तळहातांत दाबून पाणी काढा. फोमची बाजू खाली आणि वेल्क्रोची वर, असे सावलीत वाळत ठेवा, म्हणजे पाणी डिंकाच्या थरात उतरत नाही. लोकरीचा आणि फोमचा पॅड एका पिशवीत ठेवू नका, लोकरीचे तंतू फोमला चिकटतात आणि पुढच्या वेळी शेवटच्या फेरीत रंगावर दिसतात.