पास झालेली टेस्ट खरंच पास झाली का?

मालवणच्या तंत्रनिकेतनात असो वा पुण्याच्या कॉलेजात, सी शिकणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: प्रोग्रॅम तोच, मग एका कॉम्प्युटरवर उत्तर बरोबर आणि दुसऱ्यावर भलतंच कसं? बऱ्याचदा घोळ असतो तो सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलचा.

फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलला सी जागा देते, ती साफ करून देत नाही. जेटीवर कालचे चार बांगडे तळाशी राहिलेल्या क्रेटमध्ये आजची मासळी भरून काटा केला, तर वजन चुकणारच.

टेस्टच्या कोडमध्ये हा दोष फार घातक ठरतो. समजा, फाईलमधली एकेक नोंद लूपमध्ये तपासायची, निकाल 'रिझल्ट'मध्ये ठेवायचा, चूक सापडताच थांबायचं आणि शेवटी 'रिझल्ट' शून्य असेल तर पास. फाईलच रिकामी निघाली, तर लूप एकदाही फिरत नाही. तळाशी योगायोगाने शून्य असेल, तर काहीही न तपासता टेस्ट पास! कंपायलरने वॉर्निंग दिली की बहुतेक जण घाईने 'रिझल्ट = ०' लिहून मोकळे होतात. वॉर्निंग जाते, पण आता रिकाम्या फाईलवर टेस्ट दर वेळी पास होते; दुखणं कायमचं झालं. सुरुवात -१ ने करा, किंवा नोंदींची संख्या शून्याहून जास्त आहे ना, हे आधी तपासा.

वॉर्निंगचं तोंड बंद करण्याची किंमत डेबियन या लिनक्स-प्रणालीने मोजली आहे. व्हॅलग्रिंड हे साधन अशा कोऱ्या, म्हणजे किंमत न दिलेल्या, मेमरीबद्दल तक्रार करत होतं, म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकरणाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा मिसळणारी होती. गुप्त किल्ल्या बनवायला उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. डेबियनचेच लुचियानो बेल्लो यांनी हे उघड केलं मे २००८ मध्ये!

कंपायलरला हे कळतं कसं? एक पद्धत म्हणजे कोड उलटा वाचायचा. व्हेरिएबल वापरलेला दिसला की 'हवा आहे' अशी खूण, किंमत दिलेली दिसली की खूण पुसायची. फंक्शनच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत खूण शिल्लक असेल, तर एखाद्या वाटेने तो कोराच वापरला जातो. या 'डेटा फ्लो' विश्लेषणात आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये व्यापक सिद्धान्त मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरचा ग्रंथ २००९ चा. आपल्याकडे ही नावं क्वचितच कुणी घेतं, याची खंत वाटते.

जीसीसी या सी-कंपायलरची 'कदाचित कोरा' ही वॉर्निंग ऑप्टिमायझेशन चालू असतानाच नीट काम करते. टेस्ट मात्र सर्रास ते बंद ठेवून कंपाइल होतात.