१८ वॅटने ५० वॅटचा स्पीकर कसा जळला?

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अकरावीतला एक विद्यार्थी स्पीकरचे खोके घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला. आदल्या रात्री गच्चीवर गाणी चालली होती. आवाज पुरेना म्हणून त्याने बटण शेवटपर्यंत फिरवले. थोड्या वेळाने आवाज चिरका झाला आणि मग बारीक स्वर ऐकू येईनासेच झाले. तपासले तेव्हा ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारा छोटा स्पीकर, जळलेला निघाला.

"सर, माझा अ‍ॅम्प्लिफायर फक्त १८ वॅटचा आणि स्पीकर ५० वॅटचा. मग तो जळेलच कसा?" त्याने विचारले.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न मार्मिक आहे. उत्तर शोधण्यासाठी आधी या वॅटच्या आकड्यांचा अर्थ पाहू या.

स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे एक वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला पडदा हवेला कंपने देतो. पण घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युतशक्तीपैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी शक्तीचाच ध्वनी होतो. बाकीच्या जवळजवळ सगळ्या शक्तीची उष्णता होते आणि तिच्यातली बरीचशी वेटोळ्यातच निर्माण होते. २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या कैयाने कथील वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे वेटोळ्याची अवस्था कळेल. तेव्हा स्पीकरवरचे '५० वॅट' हे पुलावरच्या 'कमाल भार' या पाटीसारखे आहेत. स्पीकर किती सोसेल ते त्यावरून कळते. आवाज किती देईल ते नव्हे.

आता स्पीकरवरचा दुसरा आकडा पाहा : ८ ओहम. बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याला संरोध म्हणतात. ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्ट दिले, तर प्रवाह १२ ÷ ८ = १.५ अँपिअर आणि शक्ती १२ × १.५ = १८ वॅट होते. आमच्या विद्यार्थ्याचा अ‍ॅम्प्लिफायर नेमका असाच होता. त्याच्याच जोडीला ८ ओहमचा दुसरा स्पीकर समांतर जोडला असता, तर संरोध ४ ओहम होऊन प्रवाह ३ अँपिअरवर गेला असता. इतका प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरला झेपणारा नसेल, तर तोच तापून निकामी होतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी ओहमचा भार त्याला कधीही जोडू नये.

मग ट्वीटर का जळला? १२ व्होल्ट हे परिणामी मूल्य झाले. त्या लहरीचा माथा १२ × १.४१, म्हणजे सुमारे १७ व्होल्टपर्यंत पोचतो. हीच त्या अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा. बटण आणखी फिरवले तरी लहर त्यापुढे उंच होऊ शकत नाही. तिचे माथे कापले जातात. डोंगराचे पठार व्हावे तशी ती सपाट होते. पुरती चौकोनी झालेली लहर जवळजवळ सतत १७ व्होल्टवर राहते, आणि १७ × १७ ÷ ८ म्हणजे सुमारे ३६ वॅट शक्ती देते. १८ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट शक्ती देऊ लागला!

याहून मोठा धोका पुढेच आहे. कापलेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेल्या उंच वारंवारतेच्या लहरी तयार होतात. गाण्यातील बरीचशी शक्ती खालच्या आणि मधल्या स्वरांत असते, या हिशेबाने ट्वीटरचे वेटोळे नाजूक केलेले असते; ते सतत काही थोडे वॅटच सोसते. उंच स्वरांचा सगळा वाटा त्याच्याकडे आल्यावर ते जळले. आवाज चिरका होणे ही त्याची आगाऊ सूचनाच होती.

यावरून दिसेल की मोठा अ‍ॅम्प्लिफायर बेताने वापरणे हे लहान अ‍ॅम्प्लिफायर रेटण्यापेक्षा सुरक्षित असते. अ‍ॅम्प्लिफायरची सतत देण्याची शक्ती स्पीकरच्या सतत सोसण्याच्या शक्तीइतकी किंवा तिच्या दीडपट असावी, आणि बटणावरचा हात आवरता असावा.

मात्र खोक्यावरचे सगळेच वॅट खरे मानू नका. 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या शेकडो वॅटना ठराविक व्याख्याच नाही. असल्या आकड्यांचा घोळ थांबवण्यासाठी अमेरिकेत १९७४ साली सतत मिळणारी शक्ती जाहीर करण्याचा नियम झाला. तुम्हीही पडताळा घेऊ शकता. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिले असेल, तर आत २४ वॅटच जातात. मग बाहेर सतत २४ वॅटहून अधिक येतील कसे? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जाहिरातीपुढे वाकत नाही.

"मग सर, १८ऐवजी ३६ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला असता तर आवाज दुप्पट झाला असता?" त्याने विचारले. नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट, १ वॅटला १ मीटरवर ८७ऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर निवडला, तर निम्म्याच शक्तीत तेवढा आवाज मिळतो.

गच्चीवर तर याहून सोपा आणि फुकटचा उपाय होता. उघड्यावर आवाज परत फिरवणाऱ्या भिंती नसतात, आणि अंतर निम्मे केले की ध्वनीची तीव्रता चौपट होते. ४ मीटरवरचा स्पीकर उचलून २ मीटरवर ठेवला असता, तर १८ वॅटनी ७२ वॅटचे काम केले असते.

त्याने खोके उचलले आणि हसत म्हणाला, "म्हणजे सर, बटणाऐवजी सतरंजीच पुढे सरकवायला हवी होती!"