आधी स्टॉपचं बटन

शाळेत ऑटोमेशन शिकवायचं ठरलं की पहिली खरेदी रोबोटच्या किटची होते. पाहुण्यांसमोर गाडी काळ्या रेषेवरून धावते, फोटो निघतात आणि किट कपाटात जाऊन बसतं. नववी-दहावीच्या मुलांना कारखान्यातलं ऑटोमेशन खरंच कळावं असं वाटत असेल, तर शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बरी.

टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद. सोपं वाटतं. वर्गात दोन बादल्या, छोटा पंप, फ्लोट स्विच, रिले आणि २४ व्होल्टचा सप्लाय घेऊन मुलं हे जोडतात, तेव्हा खरी गंमत सुरू होते. (२३० व्होल्टला मुलांचा हात लागू द्यायचा नाही, यात तडजोड नाही.) चालू आणि बंद एकाच खुणेवर ठेवलं, तर पाणी जरा हिंदकळलं तरी पंप धडधडत राहतो. म्हणून दोन खुणा लागतात, खालची आणि वरची. त्यांच्या मधल्या पातळीला पंपाने आधीची स्थिती लक्षात ठेवायची. कारखान्यातले वायरमन याला ‘होल्डिंग’ म्हणतात. मग एखादी मुलगी विचारते, खालचा हौदच आटला तर? तिथे तिसरा फ्लोट येतो.

पुढचा धडा स्टॉपच्या बटनाचा. मुलं हमखास दाबल्यावर सर्किट जोडणारं, म्हणजे ‘एनओ’ बटन लावतात. चालतंही छान. मग शिक्षकांनी गुपचूप त्याची वायर काढून ठेवावी. आता बटन कितीही दाबा, पंप थांबत नाही. कारखान्यात स्टॉपला दाबल्यावर सर्किट तोडणारा ‘एनसी’ संपर्क का असतो, हे त्या क्षणी कळतं: वायर तुटली तरी यंत्र थांबलंच पाहिजे. बिघाड झाला तर यंत्राने कोणत्या बाजूला झुकायचं, हा प्रश्न माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. कोडिंग त्याच्या नंतर.

रिलेंचं जंजाळ वाढलं की पीएलसीची, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या कंट्रोलरची गरज मुलांना आपोआप पटते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागालाही ती अशीच पटली होती. मोटारीचं मॉडेल बदललं की रिलेंच्या पॅनेलचं वायरिंग नव्याने करावं लागे. १९६८मध्ये त्यांनी पर्याय मागितला आणि अभियंते डिक मॉर्ली व सहकाऱ्यांचा ‘मोडिकॉन ०८४’ हा पीएलसी आला. त्याची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी ठेवली होती, म्हणजे इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. आज ‘ओपनपीएलसी’ या मोफत सॉफ्टवेअरमुळे तीच लॅडर साध्या आर्डुइनोवरही चालते.

हाताने काम करत शिकणं आपल्याकडे नवं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात. ऑटोमेशनलाही तेवढा सलग वेळ लागतो. पस्तीस मिनिटांच्या तासात वायरिंग होतं, पण चूक शोधायला वेळ उरत नाही.

एमआयडीसीजवळच्या शाळांमध्ये एखादा तरी पालक मेंटेनन्स खात्यात असतोच. मुख्याध्यापकांनी त्याला एका शनिवारी बोलवावं.