रॅकूनचा पिंजरा आणि शेजारचे मांजर

रॅकून हा उत्तर अमेरिकेतील निशाचर प्राणी. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर काळी वलये आणि पुढच्या पायांना माणसाच्या हातासारखी चपळ बोटे. अरण्याप्रमाणेच तो नगरांतही स्थिरावला आहे. कचऱ्याचे डबे उलथणे, खुराड्यातील कोंबड्या मारणे, प्रसंगी घराच्या धुराड्यात पिल्ले घालणे, असे त्याचे उद्योग. त्याला जिवंत धरण्यासाठी तेथे तारेचा पिंजरा लावतात. आमिषाकडे जाताना आतल्या पत्र्यावर पाय पडला, की मागे दार मिटते.

परंतु पिंजऱ्याला अपराधी आणि निरपराध यांतील भेद कळत नाही. आत मासळी ठेवली, तर सकाळी शेजारचे मांजर सापडण्याचा संभव फार. सुक्याबरोबर ओले जळावे, तशी ही गत. ती टाळण्याचा मार्ग जिभेच्या भेदात आहे. रॅकून सर्वभक्षी, गोडाचा त्याला लोभ. मांजराला मात्र गोड चव कळतच नाही. ती ओळखण्यास लागणारे एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झाले आहे, हे फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. यास्तव जाणकार मासळीऐवजी मार्शमॅलो, म्हणजे साखर व जिलेटिन यांची मऊ मिठाई, आमिष म्हणून ठेवतात.

तरीही भुकेले किंवा जिज्ञासू मांजर आत शिरू शकते. म्हणून पाळीव मांजरे रात्री घरात ठेवावीत, पहाट होताच पिंजरा पाहावा आणि दिवसा त्याचे दार बंद असावे. आमिषाच्या बाजूला बारीक जाळी हवी. नाहीतर रॅकून बाहेरूनच हात घालून मिठाई लांबवितो. चुकून अडकलेले मांजर लागलीच सोडून देता येते, हा जिवंत पकडण्याचा मोठा गुण.

सापडलेल्या रॅकूनला दूर नेऊन सोडणे मात्र अमेरिकेच्या अनेक राज्यांत निषिद्ध आहे. १९७०च्या दशकात शिकारीसाठी आग्नेय राज्यांतून हलविलेल्या रॅकूनांबरोबर रेबीज व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियाच्या परिसरात पोचला, असे मानले जाते. शिवाय वसंतात धरलेल्या मादीमागे धुराड्यात उपाशी पिल्ले उरतात. म्हणूनच आधी डब्याचे झाकण घट्ट लावावे, धुराड्यास जाळी बसवावी, मात्र आत पिल्ले नाहीत हे पाहूनच. आणि पिंजऱ्याकडे अखेरीस वळावे.