चाकणचा नुक्ता आणि चढणीचे मासे

चाकण म्हटलं की आपल्याला कांद्याचा बाजार, संग्रामदुर्ग आणि गाड्यांचे कारखाने आठवतात. माशांच्या अभ्यासकांना आठवतो नुक्ता! नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला हा मासा कर्नल साईक्स यांनी १८३९ साली जगापुढे आणला. ठिकाण नोंदवलं होतं इंद्रायणी नदी, चाकण, पुण्याच्या उत्तरेला अठरा मैल. इथल्या लोकांच्या तोंडचं नावच त्यांनी शास्त्रीय नावात घातलं. त्याच लेखात मुळा-मुठेतला दख्खनी महासीरही आहे. म्हणजे ज्या नद्यांवरचे पूल आपण रोज ओलांडतो, त्यांतल्या माशांनी जगाच्या पुस्तकात जागा मिळवली आहे. नुक्ता मात्र आज धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

मृगाचा पाऊस कोसळला, ओढ्याला लोंढा आला की मासे पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. हे चढणीचे मासे; कोकणात म्हणतात वलगणीचे. उन्हाळ्याच्या उबेने मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती घालण्यासाठी नवं पाणी, ओढ आणि किंचित गारवा लागतो. हा इशारा वेळेवर आला नाही, तर कित्येक माशांची अंडी पोटातच जिरून जातात. आणि इशाऱ्याची वेळ पाहा : मुंबईत मोसमी पाऊस २०२३ मध्ये २५ जूनला पोहोचला, २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांत महिन्याचा फरक! माशाने कुठलं पंचांग पाहावं?

पाऊस पडण्याची तऱ्हाही बदलली आहे. पुण्यातल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अशा पुरात दगड-वाळूत घातलेली अंडी वाहून जातात, नाहीतर गाळाखाली गुदमरतात.

गुदमरण्यावरून आठवलं. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यात सांडपाणी मिसळलं, वर जलपर्णीची चादर पसरली, की उरलासुरला प्राणवायूही संपतो. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात : रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतच असतात. पवना-इंद्रायणीच्या काठावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी पांढरी पोटं वर आलेली पाहिली असतील. तो देखावा एकदा पाहिला की विसरता येत नाही.

धरणातले कटला, रोहू, मृगळ मूळचे इकडचे नाहीत, उत्तरेतल्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणूनच १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन. आता तापमानवाढीमुळे बंगालच्या हॅचऱ्यांत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांत, हे मासे जूनऐवजी मार्च-एप्रिललाच विणीला येतात. ऐकायला बरं वाटतं, पण आपल्याकडे असं झालं तर लवकर आलेलं बीज सोडायचं कुठे? एप्रिल-मेमध्ये आपली तळी तळाला गेलेली असतात.

या उलथापालथीत तग धरतो चिलापी. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या या आफ्रिकी माशाची मादी अंडी चक्क तोंडात सांभाळते, त्यामुळे पूर येवो न येवो, तिचं अडत नाही. कमी प्राणवायूही तिला चालतो. तिची चुलत बहीण नाईल चिलापी तर आणखी नवलाची : पिल्लं लहानपणी ३५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात वाढली, तर नरांचं प्रमाण वाढतं! उजनी धरणातल्या जाळ्यात आणि काठावरच्या भिगवणच्या ताटात आज चिलापी भरपूर दिसतो. भोई कुटुंबांची चूल त्यावर पेटते हे खरंच. पण एकाच माशावर टेकलेला धंदा मला धास्तीचा वाटतो.

आपल्या पट्ट्यातलं सगळं पाणी भीमेतून याच उजनीत जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथला साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला, म्हणजे मृत साठ्यातलंही जवळपास निम्मं पाणी संपलं. ऑगस्टमध्ये तेच धरण भरलं. जाळं टाकणाऱ्याने एका वर्षात चिखलही पाहिला आणि पूरही.

शेवटी एक गोड गोष्ट. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास होते. तिथल्या कामातून सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलं, की महासीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवता येतात. पाण्याची पिशवी नाही, नुसता कापूस! २०१८ मध्ये दख्खनी महासीर जागतिक यादीत धोक्याच्या रकान्यातून बाहेर आला. चाकणच्या नुक्त्यासाठीही कुणीतरी असाच कापूस भिजवावा.