जुनी पिकअप उंच करताना

ज्याच्या दारात जुनी पिकअप गाडी उभी आहे, त्याच्या मनात पावसाळ्यात एक विचार हमखास येतो : गाडी चार बोटे उंच असती तर बरे झाले असते. चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, ओढ्यातला दगड खाली लागतो. मग कोणीतरी सांगते, "लिफ्ट किट टाकून घ्या." हे किट म्हणजे काय, टिकाऊ कोणते, आणि त्यातून आपल्या पदरात नेमके काय पडते, याचा आज थोडा विचार करू. मी गणिताचा मास्तर. हातात पाना धरणाऱ्याची सर मला यायची नाही. पण या प्रश्नात हिशेबाचा भाग बराच आहे.

किटची आवड मूळची अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडची. तिकडे रानावाळवंटात गाड्या हाकणारे लोक मोठे टायर बसावेत म्हणून गाडी उचलतात. म्हणजे उंची हे साधन, आणि टायर हे साध्य. आपण मात्र उंचीलाच साध्य धरून बसतो, आणि घोटाळा इथेच होतो. पाटे बदलले की चासी आणि हौदा वर जातो, पण ॲक्सल होता तिथेच राहतो. आणि दगड लागतो तो बहुधा मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला! हा गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की गोळा एक इंच उचलला जातो, कारण जमिनीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत असते ती त्रिज्या. शिक्षक मित्रांनी हे उदाहरण सातवीच्या वर्गाला घालून पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की, दहा-पंधरा वर्षे ओझी वाहिलेली गाडी पुष्कळदा ठेंगणी नसते, ती फक्त बसलेली असते. पैसे खर्च करण्यापूर्वी गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा, चारी टायरांत योग्य हवा भरा, आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरून माप घ्या. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. त्याच जातीची नवी किंवा धडधाकट गाडी गावात असेल तर तिचेही माप घ्या. फरक दीड-दोन इंचांचा निघाला, तर तुम्हाला किट नको आहे. मूळ मापाचे नवे पाटे हवे आहेत. हा उपाय सर्वांत टिकाऊ, आणि गाडीच्या बाकीच्या अवयवांना त्याचा काही त्रास नाही.

आता पाट्यांविषयी. पिकअपच्या मागे पाटेच असतात, म्हणून त्यांचाच विचार आधी करू. पाटा म्हणजे साधी लोखंडी पट्टी नव्हे. ते सिलिकॉन मिसळलेले पोलाद. कारखान्यात ते नऊशे अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवतात, आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो तोच हा प्रकार, फक्त मोजूनमापून केलेला. म्हणून बसलेला पाटा भट्टीत लाल करून कोणी पुन्हा वाकवून देऊ लागला, तर नको म्हणावे. कमान दिसायला झकास येते, पण पाणी उतरलेले असते. चार खेपांत पाटा पुन्हा बसतो, नाहीतर मोडतो.

"एक जाड पाटा वाढवून देतो," हीसुद्धा नेहमीची सूचना. इथे गणित ऐका. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहाचा घन २१६, आठचा ५१२. म्हणजे त्याच लांबी-रुंदीचा ८ मिलिमीटरचा एक पाटा ६ मिलिमीटरच्या दोन पाट्यांहूनही ताठ! गाडी उंच होते खरी, पण रिकामी असताना मागून उड्या मारते. उडालेले चाक जमीन सोडते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? चांगल्या किटमध्ये उंची येते ती पाट्यांच्या जास्त कमानीतून, पाटे बेताच्या जाडीचे आणि संख्येने अधिक असतात. किट घेताना दुकानदाराने तुम्हाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : गाडीत रोज ओझे किती असते? जो हे विचारत नाही, त्याच्याकडून किट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्तातले दोन उपाय आहेत. एक लांब शॅकलचा : शॅकल दोन इंच लांब केली तर ॲक्सलपाशी उंची साधारण एकच इंच मिळते, आणि पुढच्या बाजूला असे केल्यास चाकांचा कल बदलून स्टिअरिंग वाहवते. दुसरा ठोकळ्यांचा. मागे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये एकच लहान, पक्का ठोकळा एक वेळ चालेल. ठोकळ्यावर ठोकळा मात्र नको, आणि पुढे तर मुळीच नको; ब्रेकच्या झटक्याने तो सरकू पाहतो. पुढे टॉर्शन बार असलेल्या गाड्यांत नुसता बोल्ट पिळून उंची काढतात. त्यात चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि बॉल जॉइंट लवकर जातात.

गाडी वर गेली की तिच्याबरोबर बाकीचेही ताणले जाते. शॉकअप लांब लागतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस खाऊ लागतो. ब्रेकची रबरी नळी खड्ड्यात ताणून फुटू शकते. पुष्कळ पिकअपना मागे ओझे ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. चासी उंच झाली की त्याला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीत तो मागचा ब्रेक कमी देतो. घाट उतरताना हे कळून उपयोग नाही! तेव्हा हे सारे जुळवून देणारा माणूस नसेल, तर किट कितीही चांगले असो, बसवू नये.

कलंडण्याचाही हिशेब आहे. समजा चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर. निम्मे अंतर भागिले उंची, म्हणजे ०.७८. गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर गेला की हाच आकडा ०.७० होतो. वळणावरची सावधगिरीची शिल्लक दहा टक्क्यांनी घटली. वर कडब्याचे ओझे, आणि त्यावर माणसे बसलेली (कायद्याला ते मंजूर नाही, पण गावोगावी काय चालते ते आपण पाहतोच), मग काय होईल? माझ्या मते, ओझ्याच्या गाडीला दोन इंचांपुढे जाऊ नये.

कायद्याचेही पाहावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. म्हणून आधी आर.टी.ओ. कचेरीत लेखी विचारून घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

बसवताना यू-बोल्ट नवेच घालावेत. एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाच-सहाशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली करून घ्या. नाक वर झालेल्या गाडीचा उजेड समोरून सायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.